तीन रेघांचा गिर्दा

खोऱ्याच्या खालच्या अंगाला कुठल्याही गावात विचारा, लोक छातीठोक सांगतील की कुलबल गावच्या सोनाउल्लाह कांदुराने, म्हणजे रोटी भाजणाऱ्याने, एका पंधरवड्यात तीनशे दहा अतिरेकी पकडून दिले आणि छावणीने त्याला सोनेरी घड्याळ दिलं. वरच्या अंगाला विचारलंत तर तितक्याच ठामपणे ऐकायला मिळेल की त्याने तीनशे दहा मुजाहिदांना आपल्या हातची रोटी खाऊ घातली आणि जन्नतमध्ये त्याच्या तंदुरासाठी जागा आखून झालेली आहे.

दोन्ही थापा. घड्याळ त्याच्याकडे नाही. तंदुराच्या भिंतीवर पाण्याचा शिंतोडा मारला की त्याला वेळ कळते. जन्नतचं म्हणाल, तर तो म्हणतो, तिथे आधीच एवढे कमांडर बसलेत की कणीक मळायला जागा उरली नसेल. अतिरेकी होते चार. चौघे एकाच घरात. आणि सोनाउल्लाहने रोटी भाजली, बस.

सोनाउल्लाह म्हणजे बुटका, झोपाळू डोळ्यांचा माणूस. उजव्या हातावर कोपरापर्यंत केस नाहीत, ती हजामत तंदुराने तीस वर्षांपूर्वीच उरकलेली. भित्रा म्हणून पंचक्रोशीत नाव. छावणीची गाडी फाट्यावर वळायच्या आत ह्याचं "जी साहेब, जी साहेब" सुरू व्हायचं, आणि जंगलातून कोणी बंदूकवाला उतरला की त्याच चालीवर "जी जनाब, जी जनाब". मान तेवढीच खाली, हात तेवढेच जोडलेले. आतून मात्र तो या दोन्ही जातींना आपल्या कणकेच्या खालचं समजायचा. "कणीक निदान आंबून मग फुगते," तो बायकोला, खतीजला, हळूच म्हणायचा, "हे न आंबताच फुगतात."

त्याचा गिर्दा, म्हणजे तंदुरातली गोल रोटी, मात्र बघण्यासारखा. मूठभर गोळा थापायचा, त्यावर चार बोटं टेकवून खाली ओढायची, की चार सरळ रेघा. पावसाळ्यात नांगरलेल्या शेतासारख्या. गावात लहान पोरसुद्धा रेघा बघून सांगेल, हा आपल्या कांदुराचा आणि हा शेजारच्या गावातल्याचा.

आता या गोष्टीचं सगळं मूळ रोटीच्या वेळेत आहे. आमच्याकडे रोटी चहाची. सकाळी गिर्दा, दुपारी तिळाची चोचवर, दोन्ही मिठाच्या चहात बुडवून. जेवण म्हणजे भात. दुपारी भात, संध्याकाळी भात, आणि स्वप्नात कोणी वाढलाच तर तोही भात. संध्याकाळी ज्या घरात रोटी जाते तिथे एकतर कोणी आजारी असतं, नाहीतर कोणी परका आलेला असतो.

ही गोष्ट सुरू झाली त्या दिवशी दुपारच्या चोचवरीच्या वेळेला दुकानापुढे सात-आठ जणं उभी होती. सगळ्यांच्या मागून अझी पुढे आली. चाळिशीची बाई, दोन मुलींची आई. नवऱ्याला सात वर्षांपूर्वी छावणीची गाडी "दोन प्रश्न विचारायचेत" म्हणून घेऊन गेली होती. ते दोन प्रश्न अजून संपलेले नव्हते. प्रेत नाही, कागद नाही, काही नाही.

"सोनकाक, आठ गिर्दे द्याल?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "संध्याकाळसाठी."

रहती दीद तिथेच बसली होती. ऐंशी पार, तोंडात एक दात नाही, पण जीभ शाबूत.

"का गं, तांदूळ संपला? माझ्याकडून ने की."

"नाही दीद. मुलींना आज रोटी खावीशी वाटली."

"आठ? मुली आहेत का बैल आहेत गं घरात?"

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. रहती दीदचंही तोंड उघडं ते उघडंच राहिलं, कारण बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. सोनाउल्लाहने मान वर न करता आठ गिर्दे फडक्यात बांधले. "घे बेनी," बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "गरम आहेत, हात सांभाळ."

हळूहळू कळलं ते असं. डोंगरापलीकडून, ताबारेषा ओलांडून, चौघे उतरले होते. घर निवडलं अझीचं, कारण त्यात पुरुष नव्हता. म्हणजे नाही म्हणायला कोणी नव्हतं. त्यांचा म्होरक्या अबू शमशीर. हे नाव त्याने स्वतःच ठेवलेलं. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक. मैदानी मुलखातला धिप्पाड गडी, डोळ्यांत सुरमा, आणि बोलणं असं की मीठ मागितलं तरी खुत्बा, मशिदीतलं प्रवचन वाटावं. पहिल्याच संध्याकाळी अझीने पुढे ठेवलेलं भाताचं ताट त्याने बोटाने मागे सारलं.

"हे काय? दुपारी भात, आता पुन्हा भात! हा मुलूख आहे का इस्पितळ? सिंहांना दाणे घालता? रोटी आणा!"

मुलींनी आवाज करायचा नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, अझीने पडद्याआडच राहायचं, असे नियम त्याने पहिल्या तासात लावले. पडद्याआडून आवाज येता कामा नये, रोटी मात्र यायला हवी, आणि गरम. आठ गिर्दे गेले त्या रात्रीपासून मुली रहती दीदकडे झोपायला जायला लागल्या.

मंगळवारी छावणीचा साहेब दुकानापुढे उतरला. हा साहेब स्वतःला फार हुशार समजायचा, आणि वाईट गोष्ट ही की थोडासा होताही. हातातली छडी बुटावर आपटत बोलायची त्याची सवय. प्रत्येक वाक्याला एक टाळी पडल्यासारखी व्हायची.

"सोनाउल्लाह. दोन वर्षं झाली मला इथे." टक्. "तुम्ही लोक संध्याकाळी काय खाता?"

"भात, साहेब."

"आणि पलीकडून येणारे काय खातात?" टक्.

"मला कसं ठाऊक असणार, साहेब? मला त्यांनी जेवायला बोलावलं नाही."

"रोटी खातात. शुक्रवारी दुपारी मला यादी हवी. संध्याकाळी कुणाच्या घरी किती गिर्दे जातात, सगळं." टक्. "आणि ऐक. ते घर सापडलं की मी आत माणूस पाठवत नसतो. माझे जवान काही रस्त्यावर पडलेले नाहीत. मी घरच खाली बसवतो."

"आत बायकामुलं असली तर, साहेब?"

"त्यांनी आधी विचार करायला हवा होता," साहेब म्हणाला आणि जाता जाता एक गरम चोचवर उचलून घेऊन गेला. चावताना मात्र तो फार विचार करत असल्यासारखा दिसत होता.

त्या रात्री सोनाउल्लाहला झोप लागली नाही. यादी दिली तर अझी ढिगाऱ्याखाली. नाही दिली तर साहेब दुसऱ्या कुणाकडून काढून घेणार, कारण आठ गिर्दे सात-आठ जणांनी ऐकले होते. अझीला रोटी द्यायचं थांबवलं तर तो सुरमेवाला सिंह दुकानात येणार. त्याने खतीजला एवढंच विचारलं, "एका घरातली रोटी कशी लपवायची गं?"

"पोत्यातलं कुसळ कसं लपतं?" ती कूस बदलत म्हणाली. "पोत्यातच. आता झोप."

बुधवारी सकाळी गिर्द्यांसाठी गर्दी जमली, तेव्हा सोनाउल्लाहने सगळ्यांसमोर टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पहाटे डोळा लागला तेव्हा रेशी बाबा आले होते," तो म्हणाला. आमच्या टेकडीवर रेशी बाबांचा दर्गा आहे. "म्हणाले, सोनाउल्ला, माझी माणसं भात खाऊन खाऊन जड झालीत. चाळीस संध्याकाळी कुणाच्या चुलीवर भात चढता कामा नये. फक्त गिर्दा. हा नवस गावाने फेडायचा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हबीब लोन, ज्याला गावात कुठल्याही गोष्टीला होय म्हणायची सवय नाही, तो उसळला.

"चाळीस संध्याकाळी? भाताशिवाय? बाबांनी मला सरळ तुरुंगात का नाही टाकलं? तिथे निदान भात तरी मिळतो!"

"बाबा म्हणाले, हबीब लोन कुरकुर करेल."

"माझं नाव घेतलं?"

"वडिलांच्या नावासकट."

हसण्याची लाट आली आणि ओसरली. मग रहती दीद काठी टेकत उभी राहिली. तिने एकदा अझीच्या घराच्या दिशेने बघितलं, एकदा सोनाउल्लाहकडे.

"मलाही तेच स्वप्न पडलं," ती म्हणाली. "मला बाबांनी दहा सांगितले. दर घरी दहा."

"दीद, तुला दात नाहीत. दहा गिर्दे खाणार कशाने?"

"तुझ्या डोक्याने, हबला. ते मऊ आहे."

आणि ठरलं. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. पीठ ज्याचं त्याने आणलं. संध्याकाळी बासष्ट घरांत दहा-दहा गिर्दे गेले. अझीच्याही. सोनाउल्लाहचे खांदे भरून आले आणि गावाची पोटं रिकामी राहिली. माणसं गिर्दे चावत एकमेकांना विचारत होती की पलीकडचे लोक रोज हे खातात आणि तरी एवढं बोलतात कसे.

गुरुवारी एक भानगड झाली, जी या गोष्टीतली सगळ्यात मूर्ख भानगड आहे. दुपारच्या नमाजानंतर अबू शमशीर आपल्या तीन माणसांसह मशिदीत शिरला. गावात नवस बोलला गेलाय हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"ऐका!" तो म्हणाला, आणि मशिदीतली चिमणीसुद्धा उडाली. "नवस! दर्गा! स्वप्न! ही बिदअत आहे, धर्मात घुसवलेली रीत, गुमराही आहे! थडग्यातल्या माणसाच्या सांगण्यावरून जेवण बदलता? मी हुकूम देतो, आज संध्याकाळपासून या गावात एकाही घरात रोटी दिसणार नाही. सगळे भात खातील. आमच्याखेरीज."

भात हा शब्द ऐकून हबीब लोनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सगळ्यांच्या माना वळल्या त्या मागच्या ओळीकडे, सोनाउल्लाहकडे. तो उठला. हात जोडलेले, मान खाली.

"जी जनाब. आपण म्हणता ते खरं. आम्ही अडाणी. फक्त एक विनंती, जनाब. छावणीचा साहेब उद्या यादी घ्यायला येतोय, संध्याकाळी रोटी कुणाकडे जाते त्याची. कालच्या हिशोबाने बासष्ट नावं लिहावी लागणार होती. आता आपल्या कृपेने एकच लिहावं लागेल. माझं काम हलकं झालं, अल्ला आपलं भलं करो."

अबू शमशीर दाढी कुरवाळत होता. हात दाढीतच थांबला. त्याच्या मागच्या तिघांतल्या एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हटलं. बाहेर कोणाची तरी शेळी निवांत चघळत होती.

"नियत," अबू शमशीर शेवटी म्हणाला. आवाज आता बराच खाली आला होता. "सगळा प्रश्न नियतीचा, मनातल्या हेतूचा आहे. नवस म्हणून खाल्लीत तर गुनाह. पण कोणी नुसतीच, काही मनात न आणता, संध्याकाळी रोटी खात असेल, तर तिला हराम म्हणायचा मला अधिकार नाही."

"म्हणजे खायची, जनाब?"

"खा. पण नियत करू नका."

"किती खायची, जनाब? बिननियतीने?"

"दहा," अबू शमशीर म्हणाला आणि घाईने बाहेर पडला.

आजही आमच्याकडे कोणी जास्तीचा घास घेतला की म्हणतात, "घे, बिननियतीने घे."

शुक्रवारी साहेब आला. सोनाउल्लाहने यादी पुढे केली. साहेबाने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, छडी बुटावर न आपटता सोनाउल्लाहच्या कानशिलावर आपटली.

"मला बनवतोस? सगळी बासष्ट घरं?"

"आपणच म्हणालात, सगळं लिही. दर घरी दहा. मी मोजूनच देतो, साहेब."

साहेब पुन्हा छडी उगारणार तेवढ्यात त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. तो खिशातून पेन काढून यादीच्या पाठीवर लिहायला लागला आणि पुटपुटायला लागला, "घरचे भात खातात, त्यांना सोडा. दहा गिर्दे. माणशी दोन. म्हणजे घरटी पाच. बासष्ट गुणिले पाच..." तो थांबला. आकड्याकडे बघत राहिला. सोनाउल्लाह सांगतो, त्या क्षणी साहेबाच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जणू लेक झाल्याची खबर मिळाली. चारांची खबर दिली असती तर वरून शाबासकी मिळाली असती. तीनशे दहाची खबर दिली तर पदक.

"तीनशे दहा," तो प्रेमाने म्हणाला.

खबर वर गेली. वरच्यांनी अजून वरच्यांना दिली. प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिच्यावर पाणी शिंपडून ती ताजी करत होतं. तिसऱ्या दिवशी ती पलीकडेही पोचली, कारण पलीकडच्यांचे कान अलीकडच्या बिनतारी यंत्राला चिकटलेले असतात. अझी पडद्याआड चहा ओतत होती तेव्हा अबू शमशीरचं यंत्र खरखरलं.

"शाब्बास शमशीर! तीनशे दहा! आम्हाला कळवलं नाहीस? एवढी भरती!"

"जनाब, आम्ही चार..."

"विनय नको. इकडे जाहीर झालंय. आता जुम्म्याला त्यांची छावणी मारा. तीनशे दहांनी चारी बाजूंनी घुसायचं. फुलं तयार ठेवलीत."

"जनाब, ऐका, आम्ही चार आहोत, बाकी रोटी..."

यंत्र बंद झालं. अझी म्हणते, इतके दिवस ज्या माणसाला सगळं मुखोद्गत होतं तो बराच वेळ नुसता "रोटी... रोटी..." म्हणत बसला होता. शहादतीवर रोज तासभर बोलणाऱ्या त्या सिंहाने दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आपले तिघे, अझीची दोन ब्लॅंकेटं आणि उरलेले सहा गिर्दे गोळा केले आणि अक्रोडाच्या रानातून आला तसा डोंगरापलीकडे निघून गेला. जाताना पडद्याकडे बघून म्हणाला, "बहन, इथली हवा मानवत नाही."

त्याच सकाळी गावाला वेढा पडला. एवढे जवान आले की फाट्यावर गाड्या उभ्या करायला शेतं लागली. पुरुषांना शाळेच्या पटांगणात उन्हात बसवलं, बायकांना दर्ग्यापाशी. बासष्ट घरं एकदम खाली बसवता येत नव्हती, म्हणून सगळ्यांची झडती झाली. कोठ्या उलट्या केल्या, गवताच्या गंज्या संगिनींनी भोसकल्या. मिळाले गिर्दे. प्रत्येक घरात, टोपलीत, फडक्यात, रहती दीदच्या उशीखाली, गिर्दे. अझीच्या घरातही तेच, फक्त तिथे दोन ब्लॅंकेटं कमी होती, आणि ब्लॅंकेटं मोजायचा हुकूम कोणी दिलेला नव्हता. तिचं घर उभं राहिलं. आजही आहे.

पण तीनशे दहा कुठे गेले, याचं उत्तर कोणालातरी द्यावंच लागणार होतं. साहेब देणार नव्हता. सोनाउल्लाहला पाच दिवस छावणीत ठेवलं. तिथलं तो काही सांगत नाही. एवढंच म्हणतो, "त्यांनी विचारलं, तीनशे दहा कुठे? मी म्हटलं, साहेबांच्या पेनात." परत आला तेव्हा उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट तळव्यात दुमडलेलं होतं. ते पुन्हा उलगडलं नाही. करंगळीतही जोर राहिला नाही.

पुढे शहरातून मानवी हक्कवाले आले. दोन बाया आणि एक गृहस्थ, गळ्यात ओळखपत्रं, आवाज इतका मऊ की दवाखान्यात बोलतात तसा. फॉर्म घेऊन बसले. अझीला विचारलं, नवरा जिवंत की मृत? ती म्हणाली, नेलेला. फॉर्मवर 'नेलेला' असा रकाना नव्हता. गृहस्थांनी पेन्सिलीने 'लागू नाही' लिहिलं. सोनाउल्लाहचं बोट उलटंसुलटं करून बघितलं. "तंदुराचं काम करताना असं होऊ शकतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं ना," सोनाउल्लाह म्हणाला. "तंदूर बूट घालून आला तर होतं."

तेही लिहिलं नाही. मग चहा झाला. त्यातल्या एका बाईने गिर्दा हातात घेऊन उजेडात धरला. "किती सुंदर नक्षी आहे!" ती म्हणाली. "दोन रेघा, मग मोकळी जागा, मग एक रेघ. याचा काही पारंपरिक अर्थ आहे?"

"जी मॅडम," सोनाउल्लाह हात जोडून म्हणाला. "फार जुना."

हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. पण साहेबाची छडी, शमशीरचा खुत्बा, मॅडमचा मऊ आवाज, या सगळ्यांच्या नकला मला अशा येतात की लग्नघरात लोक मला धरून बसवतात. गेल्या महिन्यात मी दुकानात बढाई मारली की मला काहीही हुबेहूब करता येतं, सोनकाकचा गिर्दासुद्धा.

"करून दाखव," सोनाउल्लाह म्हणाला. "कुणाला ओळखता आला नाही तर महिनाभर चोचवर माझ्याकडून. ओळखला तर तू चाळीस संध्याकाळी भात खायचा नाही."

करंगळीशेजारचं बोट दुमडून मी रेघा ओढल्या. दोन, मग जागा, मग एक. भाजून त्याच्या टोपलीत मिसळला. खतीजनेही बघितलं, तिला कळलं नाही. मग अझी आली, संध्याकाळच्या दोन गिर्द्यांसाठी. तिने ती सवय सोडलेली नाही. तिने वरचा उचलला, क्षणभर धरला आणि परत ठेवला.

"हा कुणी केला, सोनकाक? तुमची तिसरी रेघ सरळ जात नाही."

सोनाउल्लाहने मान वर न करता मला दहा गिर्दे बांधून दिले. आज एकोणिसावी संध्याकाळ आहे. शेजारी हबीब लोन भात खातोय, आणि मुद्दाम चावताना आवाज करतोय.